टूरिंगच्या गाडीचं इंजिन किती वाढवावं?

मागच्या व्याख्यानात आपण टायर आणि सस्पेन्शनबद्दल बोललो. संपल्यावर चहाच्या वेळी मात्र बहुतेकांचा एकच प्रश्न होता: "ते सगळं ठीक आहे, पण इंजिनाची ताकद किती वाढवू?" आज त्याचंच उत्तर शोधू. उदाहरण म्हणून 411 सीसीची जुनी हिमालयन घेऊ, कारण ती आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे आणि आमच्याकडेही आहे.

आधी आकडे बघू. या इंजिनाची ताकद साधारण 24 एचपी, टॉर्क 32 न्यूटन मीटर. एक सिलिंडर, बोअर 78 मिलीमीटर, स्ट्रोक 86. हवेवर थंड होणारं इंजिन, मदतीला ऑइल कूलर. आता गाडी सुमारे 200 किलो, दोन माणसं आणि सामान धरून एकूण 370 किलो समजा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, अशी गाडी चालवायला किती ताकद लागते? आम्ही ढोबळ हिशेब केला. ताशी 80 किलोमीटरला 9 एचपी, 100 ला 15 आणि 120 ला 24. म्हणजे 120 ला इंजिन संपलं. आणि 140 हवे असतील तर? 37 एचपी!

असं का होतं? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेगात शेवटचे 20 किलोमीटर मिळवायला इंजिन दीडपट करावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न "किती एचपी मिळतील?" असा विचारूच नका. "मला दिवसभर कोणत्या वेगाने जायचंय?" असं विचारा. 90 ते 100 असं उत्तर असेल, तर ताकद तुमच्याकडे आधीच आहे.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "पण लडाखमध्ये गाडी ओढत नाही!" खरं आहे. खारदुंग ला साधारण 5,359 मीटरवर आहे. तिथे हवा इतकी विरळ की 24 एचपीचे 13-14 च उरतात. पण तिथे तुमचा वेग किती? ताशी 20-25. आठ टक्के चढावर, एवढं वजन घेऊन, त्या वेगाला चार-पाच एचपी पुरतात. मग गाडी अडते कुठे? हेअरपिनवर. वेग दहावर येतो, इंजिनाचे फेरे पडतात, पहिला गिअरही मोठा वाटायला लागतो आणि आपण क्लच घासत बसतो. इथे कमतरता गिअरिंगची आहे. पुढच्या 15 दातांच्या स्प्रॉकेटच्या जागी 14 दातांचं टाकलं, तर मागच्या चाकाला सात टक्के जास्त ओढ मिळते. खर्च किरकोळ, काम तासाभराचं, आणि घरी आल्यावर जुनं परत बसवता येतं.

तर मंडळी, इंजिन वाढवण्याच्या पायऱ्या बघू.

पहिली पायरी फुकटात मिळण्यासारखी आहे. टॅपेट सेटिंग, स्वच्छ एअर फिल्टर, नीट ताणलेली चेन, न घसरणारी क्लच प्लेट. "गाडी पडली" म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्या इथेच बऱ्या होतात. सामानातले 15 किलो घरी ठेवलेत तर एकूण वजन चार टक्क्यांनी कमी. हे बोलायला कुणाला आवडत नाही, कारण याचा आवाज येत नाही!

दुसरी पायरी स्प्रॉकेटची, ती आत्ताच झाली.

तिसरी म्हणजे मोकळा सायलेन्सर, मोकळा फिल्टर आणि त्याला जुळवलेलं इंधनाचं मॅपिंग. यातून फार तर एखाद-दोन एचपी मिळतील. आवाज मात्र वीस एचपीचा वाढतो. मॅपिंग न करता नुसता सायलेन्सर बदललात, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं आणि इंजिन तापतं.

चौथी पायरी म्हणजे इंजिन उघडणं. बोअर 78 वरून 83 केला की 411 चे सुमारे 465 सीसी होतात, म्हणजे 13 टक्के वाढ. सोबत जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन आणि वेगळा कॅमशाफ्ट. इथे ताकद खरोखर वाढते. पण ताकदीबरोबर उष्णताही वाढते आणि कूलिंगच्या पंख्या तेवढ्याच राहतात. फेऱ्यांची मर्यादा 6,500 वरून 7,500 केली, तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण 33 टक्क्यांनी वाढतो. ताशी 100 ऐवजी 120 ने गेलात, तर थांबताना ब्रेकना 44 टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. कंपनीनेही 2023 मध्ये हिमालयनला 40 एचपी द्यायचे ठरवले, तेव्हा जुनं इंजिन ताणलं नाही. पाण्यावर थंड होणारं, दोन कॅमशाफ्टचं नवं इंजिन आणि सहा गिअर दिले. यातून काय ते समजा.

आम्ही हे शहाणपण पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या एका गाडीत आम्ही हौसेने मोठा बोअर आणि जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन बसवला होता. सह्याद्रीत गाडी अशी पळायची की बस! मग ऐन मे महिन्यात बाडमेरच्या रस्त्याला लागलो. डबलसीट, भरलेल्या बॅगा, समोरून गरम वारा. इंजिनात नॉकिंग चालू होतं, पण मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकूच आलं नाही. दुपारी पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक अडकलं. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून दोघं धडधाकट राहिलो. गाडी टेम्पोत घालून जोधपूरला नेली. तिथल्या मेकॅनिकने इंजिन उघडून बघितलं आणि एवढंच विचारलं, "हा पिस्टन कुठला?" मूळ मापाचा पिस्टन त्या शहरात मिळत होता. आमच्या मापाचा पुण्याहून यायला पाच दिवस लागले.

तेव्हापासून आमचा नियम असा: ज्या रस्त्यावर गाडी बंद पडू शकते, त्या रस्त्यावर मिळणाऱ्या भागांनी ती दुरुस्त झाली पाहिजे. पहिल्या तीन पायऱ्या या नियमात बसतात. चौथी बसत नाही.

प्रश्न (श्रोत्यांमधून): माझं इंजिन तसंही दुरुस्तीला उघडायचंच आहे. मग मोठा बोअर करून घेऊ का?

उत्तर: सर, मोह आम्हाला समजतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई आहे, आणि सीसी आरसीवर लिहिलेले असतात. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवू शकते. इंजिन उघडताय ना, मग मूळ मापाचा चांगला पिस्टन घाला, व्हॉल्व्ह नीट बसवून घ्या, जुन्या सील आणि गॅस्केट बदला. आणि मनापासून 140 नेच जायचं असेल, तर तेवढे पैसे साठवून मोठ्या इंजिनाची गाडी घ्या. तिचे ब्रेक, चेसिस आणि कूलिंग त्या वेगासाठीच बनवलेले असतात.