गोळ्या, पथ्यं आणि एक साधी वही

मूल अडीच वर्षांचं होतं, तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. हवं असेल ते आईचा हात धरून, तिला ओढत नेऊन मिळवतं. खेळण्यातल्या गाडीची चाकं फिरवत तासभर बसतं. घरात सुरुवातीला "मुलगे उशिराच बोलतात", "याचे बाबाही तीन वर्षांपर्यंत गप्पच होते" असं चालतं. मग कानांची तपासणी होते, ती ठीक निघते, आणि डॉक्टर तो शब्द उच्चारतात : ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता.

त्या दिवसापासून घरात दोन याद्या सुरू होतात. पहिली डॉक्टरांची : स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, घरी रोजचा सराव. दुसरी नातेवाइकांची. आजी ब्राह्मी आणि शंखपुष्पी सुचवते. पुण्याची मावशी दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाची आठवण करते. इंदूरचे काका एका होमिओपॅथचा नंबर पाठवतात. अमेरिकेतला मामेभाऊ येताना ओमेगा-थ्री आणि प्रोबायोटिकचे डबे आणतो. कुणी म्हणतं गहू आणि दूध बंद करा, कुणी म्हणतं उंटिणीचं दूध सुरू करा. सगळे प्रेमापोटीच सांगतात, म्हणून कुणाला नाही म्हणणं जड जातं.

मी सिटी सेंटरमध्ये राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. पण माझ्या मामेबहिणीच्या मुलाला स्वमग्नता आहे आणि गेली दोन वर्षं त्याच्या उपचारांचा हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे आहे. त्या निमित्तानं जे वाचलं, ते आपल्या मंडळातल्या तरुण आईबाबांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी मूळ गोष्ट. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात जागा दिली. हा संसर्ग नाही, संस्कारांत राहिलेली कसरही नाही. मेंदूची जडणघडणच वेगळ्या पद्धतीनं होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण १२७ जणांमागे एकाला स्वमग्नता होती. लसीमुळे ती होते ही समजूत १९९८ च्या एका लेखामुळे पसरली. त्या लेखात फक्त १२ मुलं होती आणि २०१० मध्ये 'लॅन्सेट'नं तो मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली गेली. २०१९ साली आलेल्या त्या अभ्यासात गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही.

मग इतक्या घरांतून "आमच्या मुलाला अमक्यानं फरक पडला" असं का ऐकू येतं? ते लोक खोटं बोलत नाहीत. याचं उत्तर सिक्रेटिनच्या गोष्टीत आहे. सिक्रेटिन हे पचनाशी संबंधित हार्मोन. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन मुलांना तपासणीसाठी ते दिलं गेलं आणि त्यानंतर ती मुलं जास्त बोलू लागली, डोळ्यांत बघू लागली, अशी बातमी आली. हजारो पालक इंजेक्शनसाठी धावले. १९९९ मध्ये ६० मुलांची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे पालकांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि ती जवळपास सारखीच होती. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला अजून सिक्रेटिनमध्ये रस आहे.

मला या गोष्टीत पालकांची चेष्टा दिसत नाही. मूल वाढतच असतं. चार महिन्यांत कुठलंही मूल काही ना काही नवीन शिकतं, स्वमग्न मूलही शिकतं. शिवाय औषध सुरू केलं की आपण जास्त लक्ष देऊन बघतो, आणि थेरपी तर बाजूला चालूच असते. या सगळ्याचं श्रेय शेवटी त्या डब्याला मिळतं.

आता आपल्या घरांत जास्त चालणाऱ्या गोष्टींबद्दल.

गहू-दूध बंद करण्याचं पथ्य : २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अमेरिकी चाचणीत १४ मुलांना या पथ्यावर ठेवून, मधूनमधून गुपचूप गहू किंवा दूध असलेला खाऊ दिला गेला. वागण्यात, झोपेत, पोटात काही फरक दिसला नाही. चाचणी लहान होती हे खरं. पण आपल्याकडचा प्रश्न वेगळाच असतो. जे मूल मुळात पोळी, दूध, दही-भात आणि एका ठरावीक कंपनीची बिस्किटं एवढंच खातं, त्याच्या ताटातून पोळी आणि दूध काढलं तर उरतं काय? सिलिअ‍ॅक आजार तपासणीत निघाला तर गहू बंद करायलाच हवा. पण तपासणी गहू बंद करण्याच्या आधी करावी लागते, नंतर तिचा निकाल भरवशाचा राहत नाही.

ओमेगा-थ्री आणि बी-सिक्स : ओमेगा-थ्रीचा २०११ साली कॉक्रेन संस्थेनं आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणाऱ्या दोनच चाचण्या सापडल्या, मिळून ३७ मुलं. त्यांतून उपयोगाचा पुरावा निघाला नाही. बी-सिक्स आणि मॅग्नेशियमबद्दलही शिफारस करावी इतका पुरावा मिळालेला नाही, आणि बी-सिक्सचे मोठे डोस दीर्घकाळ घेतले तर नसांना इजा होते.

फोलिनिक अ‍ॅसिड : सध्या सर्वांत जास्त फॉरवर्ड याचे येतात, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं त्याची मोठी घोषणा केली. ज्या चाचणीचा आधार नेहमी दिला जातो तिच्यात ४८ मुलं होती आणि काहींच्या बोलण्यात सुधारणा दिसली. एवढ्यावरून प्रत्येक मुलाला ते सुरू करता येत नाही. बालमज्जाविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय केमिस्टकडून आणायची ही वस्तू नव्हे.

झोप आणि रक्त : इथे मात्र औषधांचा उपयोग आहे. झोपेचं वेळापत्रक सुधारूनही मूल रात्र-रात्र जागत असेल, तर मेलॅटोनिनचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. डोस डॉक्टरांनी ठरवायचा. आणि भारतात ५ वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं होतं. मोजकंच खाणाऱ्या मुलात लोह, डी जीवनसत्त्व यांची कमतरता असू शकते. ती तपासून भरून काढली की मूल ताजंतवानं होतं. हा उपचार स्वमग्नतेवरचा नाही, कमतरतेवरचा आहे. पण तो व्हायलाच हवा.

"फायदा नाही झाला तरी तोटा काय?" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ४ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकिगत छापली. त्याला पर्यायी उपचार करणाऱ्याने १२ वेगवेगळी पूरकं सांगितली होती. उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठता आणि ३ किलो वजन घटलेलं, अशा अवस्थेत तो इस्पितळात आला. डी जीवनसत्त्वाच्या अतिरेकानं रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं. सुदैवानं तो बरा झाला. शरीरातून 'जड धातू काढण्याच्या' कीलेशन उपचारात २००५ साली अमेरिकेत ५ वर्षांच्या स्वमग्न मुलाचा जीव गेला.

आयुर्वेदाबद्दल बोललं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात, म्हणून फक्त एक आकडा सांगतो. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. वाढत्या मेंदूला शिसं अपायकारक असतं. त्यामुळे भस्म किंवा धातू असलेलं काहीही मुलाला देण्याआधी, कितीही विश्वासातल्या माणसानं दिलेलं असलं तरी, त्यात काय आहे आणि कुठे तपासलं आहे हे विचारायलाच हवं.

आणि स्टेम सेल. यात लाखो रुपये जातात. लोक दागिने मोडतात, प्लॉट विकतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानं स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणखी एक खूण लक्षात ठेवा : खऱ्या चाचणीत सहभागी होणाऱ्या मुलाच्या पालकांकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

एवढं सगळं सांगूनही घरात काहीतरी करून बघायची इच्छा राहतेच. ती राहणारच. माझ्या मामेबहिणीकडे एकदा ९ गोष्टी एकत्र चालू होत्या. मुलगा चिडचिडा झाला, पोट बिघडलं, आणि कारण कुठलं ते कुणालाच कळेना. आमच्या धंद्यात एकाच दिवशी नऊ बदल सर्व्हरवर टाकले आणि सिस्टिम कोसळली तर काय होतं, ते मला माहीत होतं. तिच्या डॉक्टरांनी यादी पाहून बहुतेक गोष्टी थांबवल्या आणि आम्ही एक साधी वही सुरू केली. नियम हे :

१. काहीही सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद. किती तास झोपला, किती वेळा स्वतःहून काही मागितलं, किती वेळा आकांडतांडव झालं. 'बरा वाटतो' असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा.

२. एका वेळी एकच बदल, तोही डॉक्टरांना सांगून.

३. काय सुधारलं पाहिजे आणि किती दिवसांत, हे आधीच लिहून ठेवायचं. त्या तारखेला फरक नसेल तर बंद.

४. शाळेतल्या टीचरना बदलाबद्दल सांगायचं नाही. त्यांना नेहमीप्रमाणे नोंद विचारायची. आपल्या अपेक्षेचा रंग त्यांच्या नोंदीला लागत नाही.

५. प्रत्येक गोष्टीपुढे महिन्याचा खर्च आणि लागणारा वेळ.

वर्षभरात त्या वहीत टिकलं ते लोहाचं औषध, झोपेची ठरलेली वेळ आणि आईबाबांचा रोजचा खेळ. पाचव्या नियमामुळे आणखी एक गोष्ट दिसली : डबे बंद झाल्यावर वाचलेल्या पैशांत आठवड्याला थेरपीचा एक तास वाढवता आला.

त्या रोजच्या खेळाला आधार आहे. गोव्यातली संगत ही संस्था आणि रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून ६५ मुलांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नव्हे तर प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते पालकांचा मुलाशी चाललेला खेळ व्हिडिओवर दाखवून, मूल संवादासाठी काय करतंय ते कसं ओळखायचं, हे शिकवत. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. ही गोष्ट महागड्या मशीनशिवाय आपल्यासारख्याच घरांत होऊ शकते.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी एक खास मुद्दा. "मुलाशी एकाच भाषेत बोला, मराठी सोडा" असा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषा ऐकल्यानं स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी लांबतं, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. आजीला जी भाषा मनापासून येते तिच्यातच ती मुलाशी खेळणार. मराठी बंद केली तर मुलाशी बोलणारं घरातलं एक माणूस कमी होतं.

मदतीच्या जागाही माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर तपासणीची केंद्रं आहेत. आपल्या शहरात रामकृष्ण आश्रमाची 'रोशनी' विशेष मुलांसाठी काम करते.

आणि आपण नातेवाईक असू, तर पुढच्या वेळी फोनवर नवीन औषधाचं नाव सांगण्याआधी एवढंच विचारूया : "रविवारी दोन तास मी त्याच्याजवळ बसू का? तुम्ही दोघं जरा बाहेर जाऊन या." माझ्या मामेबहिणीला हे विचारणारी पहिली व्यक्ती तिची सासू होती. तिनं ब्राह्मीचा आग्रह सोडला होता, नातवाला मांडीवर घेऊन चाकं फिरवायचं मात्र ती रोज करत होती.