गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही

2014-15 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआय आज एखाद्या नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशांत मिळते. 180 पीएस ताकद, 250 न्यूटन-मीटर टॉर्क, 590 लिटरची डिकी आणि मागच्या सीटवर मोठी माणसंही ऐसपैस बसतील एवढी जागा. नवी असताना रस्त्यावर येईपर्यंत वीस लाखांच्या आसपास गेलेली ही गाडी एका बाजूला आणि तेवढ्याच पैशांतली, घाट चढताना धापा टाकणारी नवी हॅचबॅक दुसऱ्या बाजूला, असा प्रश्न समोर आला की गाड्यांची थोडी जरी आवड असलेल्या माणसाचा हात आपसूक ऑक्टाव्हियाकडे जातो. रोज ऑफिसला न्यायची, मुलांना शाळेत सोडायची, दिवाळीत सामान भरून गावी जायचं आणि तरी ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला टेकली पाहिजे, अशी गाडी शोधणाऱ्यांचा एक वर्ग आपल्याकडे चांगलाच वाढला आहे. या वर्गाची फसगत होते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. जुन्या गाडीची किंमत बाजार ठरवतो, पण तिच्या पार्टची किंमत कंपनी ठरवते. गाडी वीस लाखांवरून सातावर आली म्हणून तिचा टर्बो, गिअरबॉक्स किंवा हेडलॅम्प त्या प्रमाणात स्वस्त होत नाही. बाजारात मिळतो तो सात लाखांचा भाव. सांभाळायची असते ती वीस लाखांची गाडी.

हे एकदा लक्षात आलं की निवडीचा निकषच बदलतो. किती पीएस, शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, हे आकडे माहितीपत्रकावर शोभतात. रोजच्या वापरासाठी जुनी जलद गाडी घेताना आधी विचारायला हवं की हे इंजिन आणि हा गिअरबॉक्स आणखी कोणकोणत्या गाड्यांत बसवला गेला, त्या किती विकल्या गेल्या आणि त्यातल्या किती आज रस्त्यावर आहेत. जास्त खपलेल्या साध्या गाडीची जलद आवृत्ती घ्यावी. मुळातच दुर्मीळ असलेली जलद गाडी रोजच्या कामाला लावू नये. खपलेल्या गाडीचे पार्ट कंपनीखेरीज बाहेरचे उत्पादकही बनवतात, गावोगावच्या फिटरचा हात तिच्यावर बसलेला असतो आणि अपघातात गेलेल्या गाड्यांचे दरवाजे, आरसे, दिवे कुर्ल्याच्या भंगार बाजारात सापडतात. दुर्मीळ गाडीच्या बाबतीत यातला प्रत्येक आधार लंगडा असतो.

उदाहरण आपल्या अंगणातलंच आहे. फोक्सवॅगनची पोलो चाकणला बनत होती, तर फियाटची पुंटो रांजणगावला. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये फियाटने अबार्थ पुंटो आणली: 1.4 लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, 145 पीएस, 212 न्यूटन-मीटर, किंमत 9.95 लाख. दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणाऱ्या गाड्या तेव्हा देशात दुर्मीळ होत्या. स्टिअरिंगचं वजन, सस्पेन्शनची पकड आणि दणकट बांधणी यांबद्दल आजही तिचे चाहते बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. पण टी-जेट इंजिन लिनिया आणि ॲव्हेंच्युरा यांसारख्या भावंडांत असलं तरी ती भावंडंही फारशी खपली नव्हती. स्विफ्टमुळे घराघरांत पोचलेलं फियाटचं इंजिन डिझेल मल्टिजेट होतं. त्याचा या पेट्रोल टी-जेटला काही उपयोग नाही. पुढे फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणंच थांबवलं. चाहते म्हणतील की भावंड कंपनी जीपच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस होते आणि पार्टही येतात. येतात, हे खरं. पण पार्ट येणं आणि पार्ट मंगळवारपर्यंत येणं यांतला फरक सोमवारी बंद पडलेल्या गाडीच्या मालकालाच कळतो. घरात दुसरी गाडी असेल तर अबार्थ जरूर घ्यावी. एकच गाडी असेल तर नको.

आता पोलोकडे बघा. 2010 ते 2022 या काळात भारतात अडीच लाखांहून अधिक पोलो विकल्या गेल्या. तिची 2013 साली आलेली जीटी टीएसआय ही आवृत्ती 1.2 लिटर, 105 पीएसची होती आणि तिने भारतातल्या एका पिढीला छोट्या टर्बो पेट्रोलची चटक लावली. पण रोजच्या वापरासाठी माझा कौल तिच्यानंतरच्या, 2020 ते 2022 मधल्या 1.0 टीएसआय पोलोला आहे. इंजिन तीन सिलिंडरचं, 999 सीसीचं. 110 पीएस आणि 175 न्यूटन-मीटर. सुरुवातीची थोडी थरथर सोडली तर रस्त्यावर ते जुन्या 1.2 पेक्षा कुठेही मागे पडत नाही. महत्त्वाचं म्हणजे हे इंजिन पोलोबरोबर संपलं नाही. किंचित जास्त ताकदीच्या रूपात ते कुशाक, टायगून, स्लाव्हिया आणि व्हर्टस या गाड्यांत गेलं, आणि त्या गाड्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत. म्हणजे बंद पडलेल्या मॉडेलची गाडी घेऊनही इंजिनाच्या बाबतीत आपण चालू रांगेत उभे असतो. मागच्या सीटवरची अडचण आणि 280 लिटरची डिकी नको असेल तर हेच इंजिन 2020-21 च्या स्कोडा रॅपिडमध्ये आहे, 460 लिटरच्या डिकीसह आणि सहा गिअरच्या मॅन्युअलसह. रॅपिडचं पोस्टर कुणी भिंतीवर लावलं नसेल. तिच्याभोवती चाहत्यांचं वलय नाही, त्यामुळे जुन्या बाजारात त्या वलयाचे पैसेही मोजावे लागत नाहीत.

नाव तेच असलं तरी गाडी तीच असते असं नाही, याचाही दाखला पोलोनेच दिला आहे. 2016 मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआय आणली: 1.8 लिटर, 192 पीएस, तयार आयात केलेली, तीन दारांची, किंमत पंचवीस लाखांच्या वर. कौटुंबिक गाडी म्हणून तीन दारं हा आपल्याकडे तिथेच निकाल होता, पण ते सोडा. चाकणच्या पोलोशी तिचं साम्य मुख्यतः नावाचं आणि बाह्य रूपाचं. तिचे महत्त्वाचे पार्ट गल्लीतल्या पोलोवरून मिळणार नाहीत. ऑक्टाव्हियाच्या जलद आवृत्तीचं, व्हीआरएसचं, तसं नाही. 2017 ची व्हीआरएस 230 भारतात अवघ्या 500 नगांत आली असली तरी ती साध्या ऑक्टाव्हियाच्याच सांगाड्यावर उभी आहे आणि काचांपासून सीटपर्यंत कितीतरी गोष्टी तिच्या साध्या बहिणीशी जुळतात. म्हणून दुर्मीळ असूनही ती जीटीआयपेक्षा रोजच्या वापराला सोयीची ठरते.

मग सुरुवातीची ऑक्टाव्हिया 1.8 घ्यावी की नाही? इथे गिअरबॉक्सची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण जुन्या जलद गाड्यांचा निम्मा जुगार तिथेच असतो. भारतात या गाडीला सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला, डीक्यू200 नावाचा, 1.2 च्या पोलो जीटी टीएसआयमध्येही तोच. यात दोन क्लच असतात आणि ते कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले असतात. मोकळ्या रस्त्यावर याच्यासारखा चपळ गिअरबॉक्स नाही. पण सिग्नलपासून सिग्नलपर्यंत इंच इंच सरकणाऱ्या रहदारीत हे क्लच अर्धवट घासत राहतात, तापतात आणि झिजतात. शिवाय त्याचा मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक भाग, हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय. 2013 साली फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या त्या याच गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल बदलून खनिज तेल भरण्यासाठी. उष्ण आणि दमट हवेत, सतत थांबत-सुटत चालणाऱ्या गाड्यांत विजेचे दोष उद्भवत होते. उष्ण, दमट आणि थांबत-सुटत: हे मुंबईचं वर्णन म्हणूनही खपलं असतं. व्हीआरएसमधला सहा गिअरचा डीएसजी तेलातला आहे, म्हणून तो अशा रहदारीत जास्त टिकतो. फक्त साधारण 60 हजार किलोमीटरला त्याचं तेल बदललेलं असायला हवं. 1.0 च्या पोलो आणि रॅपिडमध्ये मॅन्युअल किंवा जुन्या धाटणीचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्याचा बदल डीएसजीइतका झटपट नाही, पण रोजच्या गाडीला हा संथपणा परवडतो.

याच डीक्यू200 ची मर्यादा 250 न्यूटन-मीटर आहे आणि ऑक्टाव्हिया 1.8 कंपनीतून निघतानाच नेमके 250 न्यूटन-मीटर देते. म्हणजे राखीव काहीच नाही. टर्बो पेट्रोल गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रिमॅप करून ताकद वाढवण्याची हौस मात्र याच गाड्यांच्या मालकांना सर्वांत जास्त. विकण्यापूर्वी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं जातं आणि गाडी ‘एकदम स्टॉक’ म्हणून दाखवली जाते. विकणारा खोटं बोलतोच असं नाही. दुसऱ्या मालकाला पहिल्याचे उद्योग माहीत नसतात. म्हणून घेणाऱ्याने आडवळणाने पुरावे शोधावेत. कंपनीकडचा सर्व्हिस रेकॉर्ड मधेच तुटला आहे का, एक्झॉस्टला नव्या वेल्डिंगच्या खुणा आहेत का, एअर फिल्टरचं झाकण मूळ आहे का, आणि चालवताना गिअर पडताना क्लच घसरल्यासारखा इंजिनाचा आवाज आधी चढतो का. ईसीयू किती वेळा लिहिला गेला आहे हे जाणकार वर्कशॉप बऱ्याचदा स्कॅनरवर काढून देतं. मीटर मागे केलं असेल तर तोच स्कॅनर कधीकधी गिअरबॉक्सच्या किंवा इतर युनिटच्या नोंदींतून वेगळा आकडा दाखवतो. गाडी थंड असताना सुरू करून ऐकण्याचा आग्रह धरावा. आपण पोचायच्या आत कुणी इंजिन गरम करून ठेवलं असेल तर तेही एक उत्तरच आहे. टायरवर कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. जलद गाडीला पाचव्या-सहाव्या वर्षी चार एकसारखे, चांगल्या कंपनीचे टायर असतील तर मालकाने बाकी गोष्टींतही हात आखडता घेतलेला नसण्याची शक्यता जास्त. डेंटिंग-पेंटिंगची चमक यातलं काहीच सांगत नाही.

यावर सरळ आक्षेप असा की एवढी यातायात करण्यापेक्षा नवी का घेऊ नये? ह्युंदाई आय20 एन लाइनसारखी हॅचबॅक 120 पीएसची आहे आणि वॉरंटीसह येते. आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्यांना वर्षाला एखादा अनपेक्षित मोठा खर्च झेपणार नाही त्यांनी तेच करावं. किंबहुना जुनी गाडी घेताना किमतीच्या पाव भागाएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येत नसेल, तर ती गाडी बजेटबाहेरची समजावी. पण हाच पैसा दोन-तीन वर्षं जुन्या व्हर्टस किंवा स्लाव्हियाकडे वळवला तर 1.0 चं तेच इंजिन, जास्त जागा आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मिळालेले पाच तारे हाती येतात. पोलोला दोन एअरबॅगसह चार होते. नवीपणाचा वास सोडला तर नव्या हॅचबॅकच्या बाजूने फारसं उरत नाही.

कागदोपत्रीही छोट्या इंजिनाचं पारडं जड आहे. 2022 पासून लागू झालेल्या थर्ड पार्टी विम्याच्या दरांत 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला 2,094 रुपये, 1500 सीसीच्या वर 7,897 रुपये. एकूण खर्चात हा फरक फार नाही, पण दरवर्षीचा आहे. दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. त्यांच्या मोहात पडताना महाराष्ट्रातला रोड टॅक्स, एनओसी आणि पासिंगच्या चकरा किमतीत धरायला हव्यात, आणि गाडी पुरात बुडालेली नाही ना हे सीटच्या रुळांवरचा गंज बघून ठरवायला हवं. ई-20, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलची चिंताही रास्त आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणार. 2023 च्या आधीच्या गाडीत रबरी नळ्या आणि सील तपासून घेतलेले बरे. पण ही चिंता त्या काळातल्या साध्या गाडीलाही तितकीच लागू आहे.

सर्वांत जुना आक्षेप वेगाचा. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर मर्यादा ताशी 100 किलोमीटर, घाटात त्याहून कमी, समृद्धी महामार्गावर 120, आणि आता जागोजागी कॅमेरे. मग ही ताकद वापरायची कुठे? प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो कमाल वेग आणि ओढ यांची गल्लत करतो. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात उसाने भरलेल्या ट्रकमागे अडकलेल्या गाडीला ताशी 160 चा वेग नको असतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला की ताशी 30 वरून 60 वर काही सेकंदांत पोचून आपल्या बाजूला परत यायचं असतं. विनाटर्बो छोट्या पेट्रोल इंजिनाला तिथे दोन गिअर खाली टाकून 5000 आरपीएमपर्यंत ओरडावं लागतं, तर 1.0 टीएसआय 1750 आरपीएमपासूनच पूर्ण टॉर्क देऊ लागतं. उलट्या बाजूने येणाऱ्या गाडीसमोर कमी वेळ राहणं हा ताकदीचा कायदेशीर, रोजचा आणि घरच्यांनाही पटवून देता येणारा उपयोग आहे. व्हीआरएसचे त्यावरचे 120 पीएस सुंदर आहेत, पण मर्यादेच्या आत राहून ते एका वेळी चार-पाच सेकंदांहून जास्त वापरायला मिळतील असा रस्ता या राज्यात दाखवणं कठीण आहे.