बोअर खोल जाते, पाणी का मिळत नाही? महाराष्ट्रातल्या भूजलाचं गणित

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली एक रेल्वेगाडी लातूर स्थानकात पोहोचली. तिच्या दहा वाघिणींमध्ये सुमारे पाच लाख लिटर पिण्याचं पाणी होतं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शहरातल्या बोअर आटल्या होत्या आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून पाणी आणण्याची वेळ आली होती. पुढचे काही महिने ही ‘जलदूत’ गाडी लातूरच्या फेऱ्या मारत राहिली.

त्या घटनेची चर्चा दुष्काळ म्हणून झाली. पाऊस कमी झाला होता हे खरंच आहे. पण कमी पाऊस मराठवाड्याला नवा नाही. पूर्वी पाऊस हुकला तरी गावातल्या विहिरीच्या तळाशी थोडं पाणी असायचं. आता एक पावसाळा कोरडा गेला, की लगेच टँकर लागतो. मग मधल्या काळात जमिनीखाली नेमकं काय बदललं?

जमिनीखाली तलाव नसतो

भूजल म्हटलं, की अनेकांच्या डोळ्यांसमोर जमिनीखालचा तलाव किंवा वाहती नदी येते. ‘खाली भरपूर पाणी आहे, फक्त तिथपर्यंत पोहोचायला हवं’ ही समजूत त्यातूनच आली आहे. महाराष्ट्रात तरी हे चित्र चुकीचं आहे.

राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्ट, म्हणजे काळ्या कातळाने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हारस थरावर थर पसरून हा खडक तयार झाला. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगा असलेला किंवा सच्छिद्र खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण, अशी त्याची साधारण रचना असते. पाणी मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. घट्ट पाषाणात पाणी साठायला जागाच नसते.

पाणी धरून ठेवणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. बेसॉल्टमधल्या जलधराची साठवणक्षमता फार कमी असते. एक घनमीटर खडक पाण्याने पूर्ण भरला, तरी त्यातून विहिरीला मिळणारं पाणी साधारण १० ते ३० लिटरच असतं. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूच्या गाळात हेच प्रमाण कित्येक पटींनी जास्त असतं. त्यामुळे उत्तर प्रदेशात किंवा पंजाबात जे चालतं, ते मराठवाड्यात चालेलच असं नाही.

या रचनेचे दोन परिणाम होतात. चांगल्या पावसात विहिरी झपाट्याने भरतात. आणि उपसा वाढला, की तितक्याच झपाट्याने रिकाम्या होतात.

मग खोल बोअरला पाणी कसं लागतं?

विहीर साधारण ३० ते ६० फूट खोल असते. ती मुरमातलं आणि वरच्या भेगांमधलं पाणी गोळा करते, जे दरवर्षीच्या पावसाने भरून निघतं. बोअर त्याच्याही खाली जाते. तीनशे, पाचशे, काही ठिकाणी सातशे-आठशे फुटांवर एखादी भेग लागली, तर सुरुवातीला पाणी जोरात येतं. पण त्या खोलीवरच्या भेगा कमी आणि अरुंद असतात, आणि त्यांच्यापर्यंत पावसाचं पाणी पोहोचायला फार वेळ लागतो. साठलेलं पाणी संपलं, की तीच बोअर दोन-तीन हंगामांत कोरडी पडते.

काही बोअर वरच्या जलधरातलं पाणीही खाली ओढून घेतात. म्हणजे एका शेतातल्या खोल बोअरमुळे शेजारच्या उथळ विहिरीचं पाणी उतरतं. शेजारी मग स्वतःची बोअर आणखी खोल नेतो. या शर्यतीत ज्याच्याकडे खर्च करायला पैसा आहे तो काही काळ टिकतो आणि लहान शेतकरी आधी बाहेर पडतो. गावाच्या नळपाणी योजनेची विहीरही याच जलधरावर असते, त्यामुळे नळालाही पाणी येत नाही.

खोलीबरोबर पाण्याची प्रतही बदलू शकते. खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात क्षार आणि काही भागांत फ्लोराइड जास्त असतं. यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइडमुळे दात आणि हाडांचे विकार आढळले आहेत.

एका गावाचा ताळेबंद

हे आकड्यांत मांडलं, की चित्र लगेच स्पष्ट होतं. उदाहरणासाठी १,००० हेक्टर क्षेत्राचं, २,००० लोकवस्तीचं आणि वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटर पावसाचं एक गाव घेऊ.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी होतं. या हिशेबाने गावावर वर्षभरात ६०० कोटी लिटर पाणी पडतं. हा आकडा प्रचंड वाटतो. पण यातला मोठा भाग बाष्प होऊन उडतो किंवा मातीतून थेट पिकाला जातो आणि काही ओढ्यातून वाहून जातो. बेसॉल्टच्या प्रदेशात जलधरापर्यंत मुरणारं पाणी ढोबळमानाने दहावा हिस्सा धरता येईल. म्हणजे ६० कोटी लिटर.

आता खर्च पाहू. माणशी रोज ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या निकषाने २,००० लोकांना वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागतात. हजारभर जनावरं धरली, तर आणखी सुमारे २ कोटी. उरले ५४ कोटी लिटर.

उसाला पूर्ण हंगामात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं. त्यातलं ४०० मिलिमीटर पावसातून मिळालं असं मानलं, तर उरलेल्या १,६०० मिलिमीटरसाठी हेक्टरी १ कोटी ६० लाख लिटर पाणी उपसावं लागतं. म्हणजे उरलेलं सगळं पाणी अवघ्या ३४ हेक्टर उसात संपतं. तेच पाणी हरभऱ्याला दोन संरक्षित पाळ्यांसाठी दिलं आणि हेक्टरी १५ लाख लिटर धरलं, तर ३६० हेक्टरला पुरतं.

आणखी एक तुलना बोलकी आहे. गावाला वर्षभर पिण्या-वापरायला लागणारं ४ कोटी लिटर पाणी म्हणजे केवळ अडीच हेक्टर उसाचं पाणी.

प्रत्यक्षात प्रत्येक गावाची माती, खडक, उतार आणि पाऊस वेगळा असतो, त्यामुळे आकडे बदलतील. पण गणिताची दिशा बदलत नाही. पाऊस सरासरीइतका झाला, तरी पिकांची निवड चुकली तर टंचाई येते.

शेतकरी ऊसच का लावतो?

याचं उत्तर ‘शेतकऱ्याला कळत नाही’ असं देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. उसाला केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर कायद्याने मिळतो आणि कारखाना तो घेऊन जातो. गारपीट, अवकाळी पाऊस किंवा बाजारातली पडझड यांत ऊस इतर पिकांपेक्षा तग धरतो. तुरीला आणि हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण सरकारी खरेदी सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि भाव कोसळले, तर नुकसान शेतकऱ्याचंच होतं. ज्याच्यावर कर्ज आहे, तो खात्रीचं पीक निवडणारच.

विजेचं धोरणही उपशाला पोषक आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षं सवलतीच्या दरात वीज मिळत आली आणि २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना सुरू झाली. शेतकऱ्याला दिलासा हवा यात वाद नाही. पण पाण्याला दर नाही आणि ते उपसण्यालाही खर्च नाही, अशा स्थितीत ते जपून वापरण्याचं आर्थिक कारण उरत नाही.

तिसरं कारण कायद्याचं आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मिळतो. पण पाणी सातबारा ओळखत नाही. जलधर अनेक शेतांखाली, कधी अनेक गावांखाली पसरलेला असतो. सामायिक पाण्याला खासगी मालमत्ता मानलं, की ‘मी नाही काढलं, तर शेजारी काढेल’ हा विचार प्रत्येकाला रास्तच वाटतो.

आजवरचे उपाय कुठे कमी पडले?

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात पाणलोट विकासाची कामं मोठ्या प्रमाणावर झाली. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. दरवर्षी ५,००० गावं टंचाईमुक्त करण्याचं त्याचं उद्दिष्ट होतं. ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झालेल्या या अभियानाचा भूजल पातळी वाढवण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२० मधल्या अहवालात नोंदवला.

त्यामागचं कारण वरच्या ताळेबंदात दडलेलं आहे. बंधारे, चर आणि नाला खोलीकरण यांमुळे जमेची बाजू वाढते. खर्चावर बंधन नसेल, तर वाढलेलं पाणी नव्या बोअर आणि जास्त पाण्याची पिकं संपवून टाकतात. खोलीकरणात खडकाचा अभ्यास न करता मुरूम खरवडून काढला, तर पाणी धरणारा थरच नाहीसा होतो.

शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी अडवणारं शेततळं उपयोगी आहे. पण अनेक ठिकाणी प्लास्टिकचं अस्तर घालून मोठी तळी बांधली जातात आणि विहीर किंवा बोअरच्या पाण्याने भरली जातात. म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं, सगळ्यांचं पाणी वर आणून उन्हात ठेवलं जातं. त्यातलं काही उडून जातं आणि उरतं ते एकाच्या मालकीचं होतं.

ठिबक सिंचनाने पाण्याची मोठी बचत होते, हे सिद्ध झालेलं आहे. मात्र वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने उसाचं किंवा फळबागेचं क्षेत्र वाढवलं, तर गावाचा एकूण उपसा तेवढाच राहतो.

ज्यांनी खर्चाची बाजू सांभाळली

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतलं गाव. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तिथे डोंगरउतारावर सलग समतल चर, माती-बांध आणि वृक्षलागवड अशी कामं झाली. एवढं इतर गावांतही झालं होतं. हिवरे बाजारने पुढचं पाऊल उचललं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळीसारखी पिकं घ्यायची नाहीत, असे नियम ग्रामसभेने केले. गाव दरवर्षी पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवतं. कमी पावसाच्या वर्षी पिण्याचं पाणी आधी बाजूला ठेवलं जातं.

त्याआधी १९७० च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार द्यायचं, भूमिहीनांनाही पाण्यात वाटा द्यायचा आणि ऊस घ्यायचा नाही, ही त्याची तत्त्वं होती. पाण्याची वाटणी न्याय्य असेल, तर लोक बंधन स्वीकारतात, हा त्यातला धडा आहे.

आता काय करता येईल?

• मोजणी: गावात पर्जन्यमापक बसवणं आणि ठरावीक विहिरींची पातळी पावसाळ्याआधी व नंतर नोंदवणं ही पहिली पायरी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांत ग्रामपंचायतींनी जलसुरक्षा आराखडे करण्यावर भर दिला गेला.

• पिकांचा निर्णय पावसानंतर: ऑक्टोबरमध्ये ताळेबंद मांडून ग्रामसभेने रब्बीचं आणि उन्हाळी पिकांचं क्षेत्र ठरवावं. उन्हाळी पाणी तोडण्यापेक्षा रब्बीत एक पाळी कमी करणं सोपं असतं.

• कमी पाण्याच्या पिकांना भाव: ज्वारी, तूर, हरभरा यांची खरेदी खात्रीची झाल्याशिवाय ऊस कमी होणार नाही. हा निर्णय गावाच्या हातात नाही, तो सरकारच्या धोरणाचा भाग आहे.

• कायद्याची अंमलबजावणी: २०१४ पासून लागू झालेल्या राज्याच्या भूजल कायद्यात, अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदीची तरतूद आहे. तरीही बोअर खोदणाऱ्या गाड्या गावोगाव फिरताना दिसतात. पिण्याच्या पाण्याचे स्रोत वाचवायचे असतील, तर त्यांच्या परिसरापासून सुरुवात करता येईल.

• पुनर्भरण, पण खडक पाहून: मुरणारी जागा वर असते आणि पाणी खाली विहिरीत दिसतं. त्यामुळे ‘माथा ते पायथा’ या क्रमाने काम करणं आणि शहरांत छतावरचं पाणी गाळून जमिनीत सोडणं उपयोगी ठरतं.

यातला कोणताही उपाय एकट्याने पुरेसा नाही, कारण जलधर कोणा एकाचा नाही. बँकेच्या खात्यात दरवर्षी ठरावीक रक्कम जमा होते आणि काढणारे मात्र शंभर असतात. अशा वेळी पासबुक उघडं ठेवून सगळ्यांनी मिळून खर्च ठरवला, तरच खातं टिकतं. गावच्या पाण्याचं तेच आहे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तासभर बसून केलेला हिशेब पुढच्या एप्रिलमधला टँकर वाचवू शकतो.