घर आपलें, जिना समाईक

वाड्यांच्या वाटण्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस वाटणीपत्रांतील शेवटचें कलम चांगलें आठवत असेल. माजघर थोरल्याकडे, ओसरीलगतची खोली मधल्याकडे, माडी धाकट्याकडे, असें सर्व लिहून झाल्यावर दोन ओळी येत : विहीर, जिना, दिंडीदरवाजा व जाण्यायेण्याची वाट समाईक. पुढचे तंटे बहुधा या दोन ओळींतूनच उत्पन्न होत. खोली कोणाची याविषयीं वाद फारसा नसे. पण रहाट मोडला तर तो कोणीं दुरुस्त करावा, जिन्याखालीं सरपण कोणीं भरावें, यावरून कोर्टाची पायरी चढलेलीं घराणीं प्रत्येकाच्या ओळखींत निघतील.

आतां त्याच घराण्यांतील मुलें-मुली जुन्या घरांतील आपल्या हिश्शाचे पैसे घेऊन नव्या मुंबईंत सदनिका घेतात. तुर्भें हें त्यांपैकीं एक ठिकाण. एका अंगास घाऊक बाजाराचीं आवारें, दुसऱ्या अंगास कारखाने, मध्यें इमारती. आणि २००४ सालीं ठाणें-वाशी लोहमार्ग सुरू झाल्यापासून स्टेशनहि गांवांतच. जागा पाहावयास घरचीं वडील माणसें जातात, दिशा पाहतात, पाण्याचा दाब पाहतात, देवघर कोठें मांडावें याची चर्चा करतात. परंतु ज्या कागदावर त्या घराचें पुढचें सारें अवलंबून आहे, तो कागद मागून वाचणारें माणूस विरळा.

हा कागद म्हणजे घोषणापत्र. व्यवहारांत त्यास 'डीड ऑफ डिक्लरेशन' म्हणतात. त्याचें मूळ महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० यांत आहे. नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोची स्थापनाहि त्याच वर्षाच्या मार्चांतली. तोंपर्यंत एका इमारतींत अनेकांनीं मालकीनें राहण्याचा आपल्याकडील रुळलेला मार्ग सहकारी सोसायटीचा होता. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या परिश्रमांतून १९१५ सालीं मुंबईस गांवदेवींत उभी राहिलेली सारस्वत सोसायटी त्या मार्गावरील आद्य संस्थांपैकीं होय. सोसायटींत जमीन व इमारत संस्थेची. सभासदास भाग आणि राहण्याचा हक्क. मत प्रत्येकास एकच, मग त्याचें घर दोन खोल्यांचें असो कीं पांच. १९७० च्या कायद्यानें दुसरा मार्ग उघडला. अमेरिकेंत ज्यास काँडोमिनियम म्हणतात, तोच हा. त्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं 'एकत्र स्वामित्व' असा आहे. येथें संस्था मालक नव्हे. आपापल्या सदनिकेचा ज्याचा तो मालक. ती विकतां येते, गहाण टाकतां येते, वारसानें पुढें जाते. जमीन, पाया, मुख्य भिंती, छप्पर, जिने, लिफ्ट यांत मात्र प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा, शेंकडेवारीनें ठरलेला.

अविभक्त हिस्सा हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. मिताक्षरेचें सारें कुटुंबशास्त्र त्यावरच उभें आहे. परंतु मिताक्षरेच्या कुटुंबांत हिस्सेदारास वाटणी मागतां येते. महाराष्ट्राच्या १९९४ च्या व केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनें तो अधिकार कन्येसहि मिळाला. काँडोमिनियमांत जिन्याची किंवा जमिनीची वाटणी कोणासहि मागतां येत नाहीं. हिस्सा सदनिकेला चिकटलेला; सदनिका विकली कीं खतांत उल्लेख नसला तरी तो तिच्याबरोबर गेला. 'आम्ही गच्चीवर जात नाहीं, सबब खर्च देणार नाहीं,' हें म्हणणेंहि कायद्यानें स्पष्टपणें बंद केलें आहे. (तळमजल्यावरील मंडळींनीं हें वाक्य दोनदां वाचावें!) एवढेंच नव्हे, तर विकणाऱ्यानें समाईक खर्चाची बाकी ठेवली असल्यास तिची जबाबदारी घेणाऱ्यावरहि येते. म्हणून व्यवहारापूर्वीं असोसिएशनकडून बाकीचा लेखी दाखला घ्यावा.

घोषणापत्रांत काय असतें? जमिनीचें वर्णन, मजले, प्रत्येक सदनिकेचा क्रमांक, क्षेत्रफळ व खोल्या, इमारतीचा कोणता भाग कशासाठीं वापरावयाचा हें, समाईक जागांची यादी. आणि तिच्या पोटांत 'मर्यादित समाईक' जागांची, म्हणजे ज्या सर्वांच्या नव्हेत, कांहींच सदनिकांच्या उपयोगाच्या, अशांची. या दुसऱ्या यादींत गच्चीचा एखादा तुकडा शिरला आहे काय, हें अवश्य पाहावें. मोटारी ठेवण्याच्या जागेचेंहि तसेंच. इमारतीखालील खांबांमधली मोकळी जागा ही स्वतंत्र सदनिका नव्हे व बांधणाऱ्यास ती निराळी विकतां येत नाहीं, असा निर्णय दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दिला. १९६३ च्या सदनिका कायद्याखालीं झालेला हा निर्णय घेणाऱ्यानें जरूर लक्षांत ठेवावा.

पण सर्वांत महत्त्वाची ती शेंकडेवारी. ती क्षेत्रफळावर नव्हे, तर सदनिकेच्या किंमतीवर काढतात, आणि मतेंहि तिच्याच प्रमाणांत असतात. तुर्भ्यासारख्या बाजाराच्या गांवीं हें समजून घेणें फार जरूर आहे. कारण हा कायदा राहत्या घरांपुरताच नाहीं, दुकानें व कचेऱ्यांसहि लागू होतो. समजा, वर ४० लाखांच्या २० सदनिका आणि खालीं एकेक कोटीचीं ४ दुकानें आहेत. एकूण किंमत १२ कोटी. सदनिकेचा हिस्सा शेंकडा सव्वातीनाहून किंचित् अधिक, दुकानाचा सव्वाआठाहून अधिक. म्हणजे चौघे दुकानदार मिळून तृतीयांश मतांचे धनी. यांत अन्याय आहे असें आम्ही म्हणत नाहीं, कारण खर्चहि ते त्याच प्रमाणांत देतात. पण सोसायटीच्या समान मताची संवय असलेल्या कुटुंबानें हा हिशेब आधीं करावा. हें प्रमाण कायम स्वरूपाचें असून सर्व मालकांच्या संमतीनें घोषणापत्र दुरुस्त केल्यावांचून तें बदलत नाहीं. आणि पुष्कळदां तें ठरवितो बांधणारा, घेणारे यावयाच्या आधींच.

जमीन मालकीची कीं पट्ट्याची, हेंहि घोषणापत्रांत लिहावें लागतें. सिडकोनें आपले बहुतेक भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिले. पट्ट्याच्या जमिनीवरील इमारतीसहि हा कायदा चालतो. परंतु पट्टा केव्हां सुरू झाला, किती वर्षें उरलीं, हस्तांतरास संमति व शुल्क लागतें काय, हें मूळ पट्टा वाचूनच कळेल.

घोषणापत्राखेरीज आणखी दोन कागद. एक, ज्याच्या त्याच्या सदनिकेचें अपार्टमेंट-खत, तेंहि रजिस्टर केलेलें. नुसत्या खरेदीच्या करारावर संतुष्ट राहून तें खत करून न घेणारे लोक पुष्कळ. बापाच्या पश्चात् मुलांस त्याचा त्रास होतो. दुसरा कागद उपविधींचा. मंडळाची निवडणूक, सभा, वर्गणी हीं त्यांत असतात. ते वाचावयास सोपे आहेत, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं.

एका कलमाकडे मात्र कोणाचेंच लक्ष जात नाहीं. इमारतीस आगीनें वा अन्य कारणानें हानि पोंचल्यास ती पुन्हा बांधावी, दुरुस्त करावी कीं विकावी, हें किती टक्के मतांनीं ठरावयाचें तो आंकडा घोषणापत्रांतच लिहिलेला असतो. हानीपासून साठ दिवसांच्या आंत असोसिएशननें पुन्हा उभारणीचा निश्चय केला नाहीं, तर ती सारी मालमत्ता सर्वांची समाईक ठरते. एरव्हीं जी वाटणी कोणासच मागतां येत नव्हती, ती तेव्हां कोणाहि एका मालकास दावा लावून मागतां येते. आणि विक्रीचे व विम्याचे पैसे, ज्याच्या त्याच्या सदनिकेवरील कर्ज वजा जातां, त्याच शेंकडेवारीनें वांटले जातात.