पदवीनंतर नर्सिंग : वरूडमधून निघणाऱ्या वाटा

एक पदवी हातात असताना नर्सिंगकडे वळणाऱ्यांसाठी काही देशांत वेगळा, कमी मुदतीचा अभ्यासक्रम असतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलने १९३४ पासून प्रवेशासाठी आधीची पदवी आवश्यक केली. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत नर्स होण्यासाठी ४६०० तासांचे प्रशिक्षण लागते. त्यातले निम्म्यापर्यंतचे तास आधीच्या शिक्षणातून आणि अनुभवातून भरले असे धरता येते, म्हणून पदवीधराचे काम तीनऐवजी दोन वर्षांत होते. ऑस्ट्रेलियातही पदवीधरांसाठी दोन वर्षांचा मास्टर ऑफ नर्सिंग आहे. भारतात ही सवलत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वरूडच्या महात्मा फुले महाविद्यालयातून बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्या मुलीला वा मुलाला नर्सिंगला जायचे असेल, तर पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणून आपल्याकडे तयारीची पहिली पायरी म्हणजे कोणत्या वाटेने जायचे हे ठरवणे.

ही वाट ठरते बारावीवर, पदवीवर नव्हे. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि पहिल्या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना ४० टक्के चालतात. प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यालाही इथे बारावीचीच गुणपत्रिका काढावी लागते. बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून झाली असेल, तर जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी म्हणजे जीएनएमचा रस्ता आहे. तो तीन वर्षांचा डिप्लोमा. कोणत्याही शाखेची बारावी चालते. एकूण गुण आणि इंग्रजीचे गुण किमान ४० टक्के हवेत, वय ३५ च्या आत हवे. जीएनएम करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांत होते. म्हणजे कला शाखेच्या पदवीधराला नर्सिंगची पदवी पाच वर्षांनी मिळते, विज्ञानवाल्याला चार वर्षांनी. फरक फक्त एका वर्षाचा आहे. शिवाय डिप्लोमा झाला की नोकरी करता येते, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तेव्हा ही गोष्ट फार मोठी ठरते. बारावी विज्ञान पुन्हा देऊन थेट बी.एस्सी.ला जाण्याचा आटापिटा करण्यापेक्षा बहुतेकांसाठी जीएनएमच शहाणपणाचे आहे.

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी २०२३ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची स्वतंत्र सीईटी होते. शंभर प्रश्न, शंभर गुण, वेळ दीड तास. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल यांवर प्रत्येकी वीस प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. पदवीची तीन वर्षे आणि त्यानंतर स्पर्धा परीक्षांत गेलेला काळ यांमुळे भौतिकशास्त्र सर्वांत जास्त विसरलेले असते. अकरावी-बारावीची पुस्तके पुन्हा उघडायची तर सुरुवात तिथून करावी. परीक्षेनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे कॅपच्या फेऱ्यांतून प्रवेश होतात. पदवीधराला इथे अडवतात ते कागद. डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला हे तहसीलमार्फत निघतात. जात वैधता प्रमाणपत्र मात्र अमरावतीच्या जिल्हा पडताळणी समितीकडून आणावे लागते आणि त्याला वेळ लागतो. बारावीनंतर मध्ये गेलेल्या वर्षांसाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र आणि शेवटच्या महाविद्यालयाचा टीसी लागतो. सीईटीचा फॉर्म भरण्याआधीच हे सुरू केले, तर कॅपच्या धांदलीत धावपळ होत नाही.

पैशांचा हिशेब याच सुमारास करावा. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आरक्षणाच्या आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, राज्य सरकारने २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. याच जिल्ह्यातल्या पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. तिचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरतात. आधी एका पदवीसाठी शिष्यवृत्ती घेतली असेल, तर दुसऱ्या अभ्यासक्रमाला ती मिळते का, हे प्रवेश घेण्याआधी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये, रुग्णालय पाहावे. नर्सिंग हातांनी शिकायची विद्या आहे. वॉर्डात रुग्ण नसतील तर चार वर्षे कागदावरच जातात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे महाविद्यालयाचे स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय हवे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. वरूडच्या मुलांना अमरावती आणि नागपूर ही दोन्ही शहरे एसटीने जवळ पडतात, आणि नरखेड मार्गावर ‘वरूड ऑरेंज सिटी’ हे रेल्वे स्टेशनही आहे. अमरावतीत इर्विन म्हणून ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, स्त्रियांचे डफरिन आहे, पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अकोल्यात सर्वोपचार आणि लेडी हार्डिंग आहे. आपले पोस्टिंग यांपैकी कुठे आणि किती आठवडे असेल, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी नि:संकोच विचारावा.

तयारीचा सर्वांत उपयोगी काळ म्हणजे प्रवेश नक्की झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे आठवडे, आणि बहुतेक जण नेमके तेच वाया घालवतात. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगची आठ सत्रे आहेत. पहिल्या सत्रात इंग्रजी, शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंगची मूलतत्त्वे असतात. दुसऱ्यात जीवरसायनशास्त्र, आहारशास्त्र आणि आरोग्य माहितीतंत्र येते. आधीची पदवी कामाला येते ती इथे. समाजशास्त्राच्या किंवा गृहअर्थशास्त्राच्या बी.ए.ला कुटुंब, गरिबी, आहार हे विषय परके नसतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराला तिसऱ्या सत्रातला संसर्ग प्रतिबंध सोपा जातो. शरीररचना मात्र सगळ्यांनाच जड जाते. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या यांची शेकडो नावे इंग्रजीत आणि स्पेलिंगसकट लागतात. रोज एक अवयव घ्यावा, त्याची आकृती हाताने काढून नावे लिहावीत आणि तो काय काम करतो हे मराठीत कोणाला तरी समजावून सांगावे. समजावता आले तर समजले, असे खुशाल धरावे.

अंकगणिताकडे दुर्लक्ष झाले तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. डॉक्टरांनी आठ तासांत ५०० मिलिलिटर सलाईन द्यायला सांगितले आहे. सेटमधून एका मिलिलिटरचे वीस थेंब पडतात. म्हणजे ५०० गुणिले २० हे दहा हजार थेंब ४८० मिनिटांत सोडायचे. मिनिटाला सुमारे २१ थेंब. दहा किलोच्या बाळाला तापासाठी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅमने लिहिले, तर १५० मिलिग्रॅम द्यायचे. बाटलीवर पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे असेल तर सहा मिलिलिटर होतात. पण तेच औषध पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा ताकदीचेही मिळते, त्याचे तीनच मिलिलिटर पुरतात. लेबल न वाचता सहा दिले तर बाळाला दुप्पट डोस गेला. ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम यांची अदलाबदल आणि दशांश चिन्ह याचा सराव कॅल्क्युलेटर न घेता, वहीत, हातखंडा होईपर्यंत करावा. नर्सिंगमध्ये याला पर्याय नाही.

इंग्रजीची भीती ग्रामीण विद्यार्थ्याला सर्वांत जास्त असते आणि ती गरजेपेक्षा मोठी असते. साहित्यिक इंग्रजी कोणी विचारत नाही. केस पेपर वाचता येणे, नोट स्पष्ट लिहिता येणे, ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णाची हकीकत नीट सांगता येणे, एवढे हवे. उत्तीर्ण होण्यासाठी इतर विषयांत ५० टक्के लागतात, इंग्रजीत ४० पुरतात. दुसरीकडे, रुग्णाशी बोलायचे असते त्याच्या भाषेत. वरूडला पांढुर्णा, मुलताईकडून हिंदी बोलणारे रुग्ण येतात. अमरावतीच्या वॉर्डात मेळघाटातून कोरकू बोलणारी माणसे येतात. दुखते कुठे, कधीपासून, जेवण झाले का, एवढी वाक्ये कोरकूत आली तरी घाबरलेल्या बाईचा चेहरा सैल होतो. वऱ्हाडी बोलता येणे ही तर या मुलांची मोठी जमेची बाजू आहे. ती लाजेने झाकू नये.

वऱ्हाडातले आजारही आधीच ओळखीचे करून घ्यावेत. इथली शेती फवारणीवर चालते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक अंगात गेले की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ येते, घाम सुटतो, छाती भरून येते. रुग्णाचे कपडे काढून त्याला धुणे आणि ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू असताना त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे हे नर्सचे काम. पावसाळ्यात सर्पदंश येतात. प्रतिविष सुरुवातीला आठ-दहा व्हायल देतात आणि त्या वेळी ॲलर्जीची लक्षणे सर्वांत आधी कॉटजवळच्या माणसाला दिसतात. सिकलसेलचे रुग्ण असह्य वेदना घेऊन येतात. त्यांच्या दुखण्यावर विश्वास ठेवणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो. उन्हाळ्यात उष्माघात आहेच. वरूडच्या ग्रामीण रुग्णालयात परवानगी घेऊन काही दिवस ओपीडीची रांग पाहिली, किंवा गावातल्या आशाताईंसोबत घरोघर फिरले, तर पुस्तकातली पुष्कळ पाने आधीच ओळखीची होतात. हे काम आपल्याला झेपेल का, याचेही खरे उत्तर तिथेच मिळते.

शरीराची तयारी वेगळी करावी लागते. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणून पहिला डोस सीईटीच्या अभ्यासाबरोबरच घ्यावा. वापरलेली सुई टोचून संसर्ग होण्याचा धोका विद्यार्थ्यालाही नर्सइतकाच असतो. तासन्‌तास उभे राहणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, रात्रपाळी यांची सवय नसते. रोजचे चालणे आणि पाठीचे व्यायाम महिनाभर आधी सुरू केले तर पहिले पोस्टिंग सुसह्य होते.

घरच्यांशीही स्पष्ट बोलून ठेवायला हवे, विशेषतः लग्न झालेल्या किंवा ठरत असलेल्या मुलींनी. वर्गात ८० टक्के हजेरी लागते आणि क्लिनिकलचे तास पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरावेच लागतात. क्लिनिकलचा एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात ८० तास. नात्यातले लग्न, आजारी सासू किंवा संत्र्याचा तोडा यांसाठी पडलेला खाडा नंतर सुटीत भरून काढावा लागतो. हे सासरी-माहेरी आधी माहीत असले, तर पुढचे वाद टळतात. मुलग्यांना वेगळे प्रश्न ऐकावे लागतात, बायकांचे काम कशाला म्हणून. सरकारी रुग्णालयांत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आता नवीन राहिलेले नाहीत, हे त्यांनी दाखवून द्यावे.

शेवटचे सत्र पूर्ण इंटर्नशिपचे असते. पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी होते, आणि तिच्याशिवाय कुठेही ड्यूटी करता येत नाही. शासकीय रुग्णालयांतले अधिपरिचारिकेचे पद आणि उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना खुले असते. एम.एस्सी. नर्सिंग करायचे असेल तर बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव लागतो.