बालवाडीचें दार आणि घरचीं माणसें

जून महिन्याचा मध्य उलटला कीं वाशी, नेरूळ, खारघर येथील बालवाड्यांच्या दारांशीं एक ठराविक देखावा दिसूं लागतो. पाऊस लागलेला असतो. इवल्या रेनकोटांतून पाणी निथळत असतें. तीन वर्षांचें मूल आईची ओढणी घट्ट धरून असतें. आणि आई, "चॉकलेट घेऊन येतें हं!" असें सांगून, बाईंनीं डोळ्यानें खूण करतांच मागच्या मागें नाहींशी होते. पुढचा आक्रोश सर्वांच्या परिचयाचा आहे. लोक त्याला शाळेचें भय म्हणतात. वस्तुतः तें शाळेचें भय नव्हे. जिच्या शब्दावर आपलें सारें जग उभें, ती आई खोटें बोलून अदृश्य होऊं शकते, हा शोध मुलाला त्या क्षणीं लागलेला असतो. मग संध्याकाळीं ती नुसती स्वयंपाकघरांत गेली, तरी तें तिच्या मागें धांवतें.

मुलाला घड्याळ कळत नाहीं. 'साडेबारा वाजतां येईन' हें वाक्य त्याच्या लेखीं निरर्थक होय. परंतु चपला रांगेंत ठेवल्या, गाणें झालें, खेळ मांडले, हात धुऊन डबा खाल्ला आणि गोष्ट संपली कीं आई दाराशीं उभी, हा क्रम तें थोड्याच दिवसांत बिनचूक जाणूं लागतें. वर्गाचा नित्यक्रम हेंच त्याचें घड्याळ. म्हणूनच तो रोज सारखा असावा लागतो, आणि म्हणूनच घरच्या माणसांनाही तो ठाऊक असावा लागतो. गोष्ट डब्याच्या आधीं कीं मागाहून, हेंच ज्या आईला माहीत नाहीं, ती मुलाला कोणत्या शब्दांत वचन देणार?

घराला शाळेंत वाव देण्याची कल्पना नवी नाहीं. डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, तें भाडेकरूंच्या राहत्या इमारतींतच. तेथील नियमपत्रकांत आईबापांसाठीं स्पष्ट अटी होत्या: मूल स्वच्छ पाठवावें, संचालिकेशीं आदरानें वागावें, आणि आठवड्यांतून निदान एकदां आईनें तिला भेटून मुलाविषयीं बोलावें. आपल्याकडे आज पुष्कळ ठिकाणीं पालकसभा भरते ती प्रगतिपुस्तकावर सही घेण्यापुरती!

या विचाराला खरें मराठी रूप मिळालें तें समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं. हें गांव तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें, आतां पालघर जिल्ह्यांत आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ च्या डिसेंबरांत तेथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी उघडली, परंतु गरीब वस्तींतील मुलें तिकडे फिरकेनात. आईबापांना बोल लावणें सोपें होतें. तसें न करतां बाईच साहित्य घेऊन वस्तींत गेल्या आणि अंगणांत बसल्या. हीच अंगणवाडी. महागड्या उपकरणांऐवजीं शिंपले, बिया, पानें, खडे आले. हात धुणें, केस विंचरणें, गाणें, खेळ, सारें घरच्यांच्या डोळ्यांसमोर घडूं लागलें. शाळेंत काय चालतें हें कोणाला समजावून सांगण्याची गरजच उरली नाहीं. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेनें हें नांव उचललें आणि तें देशभर गेलें. नांव गेलें, अंगण मात्र पुष्कळदां मागेंच राहिलें.

नव्या मुंबईंत अंगण कोठून आणावें, असें कोणी विचारील. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली, ९५ गांवांच्या जमिनींवर हें शहर उभें राहिलें, आणि येथें दोन प्रकारचीं घरें शेजारीं शेजारीं आलीं. एक, सातव्या-दहाव्या मजल्यावरचें. जेथें आजी-आजोबा दूर गांवीं आणि मुलाला आईबापांखेरीज तिसरें माणूस क्वचितच परिचयाचें. दुसरें, जुन्या गांवठाणांतलें. जेथें माणसें भरपूर, पण बोली आगरी. पहिल्या मुलाला माणसें परकीं वाटतात, दुसऱ्याला शब्द. तहान लागली किंवा लघवीला जायचें असलें म्हणजे घरांत कोणता शब्द वापरतात, एवढें जरी बाईंनीं पहिल्या दिवशीं आईला विचारून घेतलें, तरी निम्मी रडारड थांबेल. तो शब्द तमिळ असो, हिंदी असो वा आगरी, तो सुधारण्याची घाई करूं नये.

आरंभीं कांहीं दिवस आईनें, अथवा आजोबांनीं, वर्गाच्या कोपऱ्यांत बसावें. मुलाला शिकवूं नये, 'बाईंना गाणें म्हणून दाखव' असा आग्रह तर मुळींच करूं नये, नुसतें असावें. जागा अपुरी असल्याची सबब शाळा पुढें करतात. ती अगदींच खोटी नाहीं. पण चार-चार मुलांना पाळीपाळीनें बोलावलें तर एक सतरंजी पुरते. निघण्याचा दिवस आला कीं आईनें समोर येऊन, निरोप घेऊन, मुलाच्या घड्याळांतली वेळ सांगून निघावें. मूल रडेल; रडूं द्यावें. तें रडणें निरोपाचें आहे, फसवणुकीचें नव्हे, आणि त्याला सीमा असते.

मात्र दिलेली वेळ मोडूं नये. वाशीच्या पुलावर गाडी अडकली हें मोठ्यांचें कारण झालें. गोष्ट संपली, इतर मुलें आपापल्या चपला घालून गेलीं, आणि रांगेंत एकच जोड उरला, म्हणजे त्या मुलाच्या घड्याळांत फार उशीर झालेला असतो.