पुलाला छप्पर कशाला?

घराला छप्पर हवं, गोठ्यालाही हवं. पण दोन मिनिटांत ओलांडायच्या पुलाला? अमेरिकेत न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या राज्यांच्या मधून वाहणाऱ्या कनेटिकट नदीवर असा एक लाकडी पूल आहे, कॉर्निश-विंडसर. लांबी सुमारे १३७ मीटर, बांधला १८६६ साली, खर्च ९,००० डॉलर. आणि त्यावरून आजही मोटारी धावतात!

छप्पर वाटसरूंसाठी असेल, असंच वाटतं ना? पण ते आहे लाकडासाठी! लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळीच. कापलेल्या टोकातून ते पाणी शोषत राहतं. ओलावा २० टक्क्यांच्या आत ठेवला, तर कुजवणारी बुरशी वाढूच शकत नाही. म्हणून उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत खिळखिळा होतो आणि छपराखालचा सहज शंभरी ओलांडतो.

आपल्या नागपुरात महाल भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये खांबाच्या पायाशी वाकून बघा. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर टेकलेला असतो. शत्रू तोच, ओल. फक्त इथे ती खालून चढते.

परत कॉर्निश-विंडसरकडे. पुलात शिरलं की दुसरं आश्चर्य. दोन्ही बाजूंना तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या लाकडांची भली मोठी जाळी! इथियल टाउन या वास्तुरचनाकाराने १८२० मध्ये तिचं पेटंट घेतलं. भार शेकडो सांध्यांत वाटला जातो. एखादं लाकूड दुबळं झालं तरी शेजारची तो उचलतात.

त्या भागातली गंमत ऐका: छपरामुळे पुलात बर्फ पडायचा नाही आणि घसरगाड्या अडायच्या. मग लोक फावड्यांनी बर्फ आणून आत पसरायचे!

छप्पर पाऊस अडवतं, पूर नाही. याच जागी आधीचे पूल पुराने नेले, हा चौथा. तो टिकवायचा कसा? सगळा पाडून नव्हे, नेमका खराब झालेला भाग बदलून. १९८९ मध्ये संपलेल्या मोठ्या दुरुस्तीत फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या भक्कम तुळया त्यात बसवल्या.

पूल असो की वाडा, जाणता सुतार आधी वर चढतो. सरकलेलं एक कौल वेळेत बसवलं, तर खालची तुळई बदलायची वेळच येत नाही.